सारखा मुरगळणारा घोटा: पावलापासून सुरू होणारे व्यायाम

घोटा एकदा जोरात मुरगळला, सूज उतरली, दुखणं थांबलं, पण तोच पाय पुढे अधूनमधून दगा देत राहिला, अशी तक्रार असलेल्या बहुतेकांनी एखादा तरी व्यायाम करून पाहिलेला असतो. बहुधा रबरी पट्टा अडकवून पाऊल बाहेर ओढण्याचा. तो चुकीचा नाही, पण तेवढ्याने भागत नाही. घोटा मुरगळतो तो पाय जमिनीवर टेकताना, अंगाचा सगळा भार त्यावर येत असताना. भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर सरकतो, अंगठ्याखालची गादी जमिनीवरून सुटते, तळवा आत वळतो आणि घोट्याची बाहेरची बाजू ताणली जाते. म्हणून खालच्या जवळजवळ प्रत्येक व्यायामात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासायची आहे: अंगठ्याखालची गादी जमिनीला टेकलेली आहे का? गादी म्हणजे अंगठ्याचं टोक नव्हे, तर त्याच्या मुळाशी चवड्यावर असलेला मांसल उंचवटा.

आत काय बिघडलेलं असतं

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारे चिवट बंध, असतात. नेहमीच्या मुरगळण्यात त्यातलं पुढचं सर्वात आधी ताणलं जातं किंवा फाटतं, जोर जास्त असेल तर मधलंही. भरून येताना ते थोडं सैल राहू शकतं. शिवाय लिगामेंटमध्ये आणि सांध्याच्या आवरणात मज्जातंतूंची टोकं असतात. सांधा कोणत्या कोनात आहे याची खबर ती मेंदूला देत असतात, आणि दुखापतीत तीही बिघडतात. लिगामेंट फारसं सैल नसतानाही घोटा बेभरवशाचा का वाटतो, याचं हे कारण ब्रिटिश शल्यचिकित्सक एम. ए. आर. फ्रीमन यांनी सहकाऱ्यांसोबत १९६५ मध्ये मांडलं. डगमगत्या फळीवर तोल सावरण्याचे व्यायाम तेव्हापासून या उपचाराचा भाग आहेत.

हाडांची रचनाही समजून घ्या. घोट्याच्या खोबणीत बसणारं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल वर ओढलं की रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. चवडा खाली झुकला की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल होतो. जिना उतरताना किंवा उडीनंतर टेकताना पाय जास्त मुरगळतो तो यामुळे.

आता गादीचं महत्त्व. नडगीच्या बाहेरच्या बाजूने पेरोनियस लाँगस नावाचा स्नायू उतरतो. त्याची दोरी घोट्याच्या बाहेरच्या हाडामागून वळते, तळव्याखालून तिरकी जाते आणि अंगठ्याच्या लांब हाडाच्या बुडाशी चिकटते. म्हणजे घोटा बाहेरून सांभाळणारा हा स्नायू काम करतो तेव्हा अंगठ्याची गादीही जमिनीत दाबली जाते. तळव्यातले छोटे स्नायू चार थरांत असतात आणि पावलाची कमान आतून सावरतात. ते ढिले असतील तर पेरोनियसला ओढायला पक्का पाया मिळत नाही. संशोधक पॅट्रिक मॅककिऑन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या छोट्या स्नायूंना पावलाचा ‘कोअर’ म्हटलं, धड आतून सावरणाऱ्या पोटाच्या कोअर स्नायूंसारखं. कल्पना चांगली आहे आणि व्यायामाचा क्रमही तिच्यावरूनच ठरतो: आधी तळवा, मग घोटा, मग तोल, शेवटी उड्या.

कोणी लगेच सुरू करू नये

घोटा नुकताच मुरगळला असेल तर आधी हाड मोडलेलं नाही ना, हे पाहायला हवं. दुखापतीनंतर लगेच आणि आताही चार पावलं टाकता येत नसतील, घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर खालच्या ६ सेंमी भागात किंवा टोकावर दाबल्यावर हाड दुखत असेल, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे टोकदार हाड लागतं तिथे किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय व्यायाम नको.

दुखापत जुनी असली तरी काही खुणा दिसल्या तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. सांधा मध्येच अडकतो; सहा आठवडे उलटूनही खोलवर दुखतं आणि चाललं की सूज येते; बाहेरच्या हाडामागे दोरी टक्कन सरकल्यासारखी जाणवते; नडगीच्या खालच्या भागात, दोन हाडांच्या मधे दुखतं; पाऊल वर उचलता येत नाही किंवा बधिर वाटतं. पहिल्या दोन खुणा सांध्यातल्या कूर्चेला इजा असल्याच्या असू शकतात, तिसरी पेरोनियसची दोरी जागेवरून निसटत असल्याची. नुसत्या व्यायामाने या गोष्टी सुटत नाहीत. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावा आणि दर वेळी तळवा नीट पाहावा, कारण जखम झालेली कळत नाही.

सुरुवातीची तीन मोजमापं

दोन्ही पायांची घ्या आणि लिहून ठेवा. दुखरा पाय किती मागे आहे हे अंदाजाने कळत नाही, आकड्यांनी कळतं.

पहिलं, गुडघा भिंतीला. भिंतीकडे तोंड करून पाऊल सरळ ठेवा आणि टाच न उचलता गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे नेऊन भिंतीला टेकवा. टेकतोय तोवर पाऊल थोडं थोडं मागे घेत जा. गुडघा भिंतीला आणि टाच जमिनीला जेमतेम टेकते तिथे अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. निरोगी घोट्यात ते साधारण १० सेंमी असतं, पण उंचीप्रमाणे कमीजास्त होतं, म्हणून दोन पायांतला फरक जास्त महत्त्वाचा. तो २ सेंमी किंवा जास्त असेल तर घोटा आखडलेला आहे.

दुसरं, एका पायावर उभं राहणं. अनवाणी, हात कमरेवर, डोळे उघडे, ३० सेकंद. या वेळात दुसरा पाय किती वेळा टेकला, हात किती वेळा सुटले ते मोजा.

तिसरं, एका पायावर टाच उचलणं. भिंतीला फक्त बोटं लावून, गुडघा सरळ ठेवून, पूर्ण उंचीपर्यंत किती वेळा जमतं? उंची कमी झाली की मोजणं थांबवा. २० ते २५ हे चांगलं लक्ष्य आहे. वयानुसार कमी आकडाही ठीक, पण दोन्ही पाय बरोबरीला यायला हवेत.

तळवा: इथे घाई करू नका

मुख्य व्यायाम आहे पाऊल ‘आखूड’ करण्याचा. दिसायला तो काहीच नाही, म्हणूनच बहुतेकजण तो चुकीचा करतात.

खुर्चीत बसा, गुडघा काटकोनात, पाऊल बरोबर गुडघ्याखाली, अनवाणी. बोटं उचला, पसरा आणि लांब करत परत टेकवा. आता भार तीन जागी आहे ना ते जाणवू द्या: टाच, अंगठ्याची गादी आणि करंगळीची गादी. तिवईच्या तीन पायांसारखे हे तीन ठेपे शेवटपर्यंत जमिनीवर राहिले पाहिजेत. मग बोटं न वळवता अंगठ्याची गादी टाचेकडे ओढायचा प्रयत्न करा. पाऊल प्रत्यक्षात सरकत नाही, पण मधली कमान थोडी वर येते आणि पाऊल काही मिलिमीटर आखूड होतं. ६ सेकंद धरा, हळू सोडा. असं १० वेळा, दोन फेऱ्या, रोज.

यात चुका ठरलेल्या आहेत. सर्वात जास्त होणारी म्हणजे बोटं वळवणं. बोटांची पेरं पांढरी पडली किंवा नखं जमिनीत रुतली, तर पोटरीतून येणारे लांब स्नायू काम करताहेत, तळव्यातले नाहीत. बोटं किंचित वर तरंगत ठेवून पुन्हा करा.

दुसरी चूक घोटा सैल असलेल्यांसाठी जास्त घातक आहे: कमान उचलायची म्हणून अख्खं पाऊलच बाहेरच्या कडेवर कलतं करणं. कमान उंच दिसते, समाधान वाटतं, पण अंगठ्याची गादी सुटलेली असते. म्हणजे घोटा ज्या दिशेने मुरगळतो त्याच दिशेचा हा सराव झाला. ओळखायचं कसं? घोट्यासमोर, नडगीच्या शेवटाला आतल्या बाजूने एक जाड दोरी ताठ उभी राहिली, तर नडगीचा स्नायू पाऊल आतून वर ओढतोय. खात्रीसाठी कागदाची दोन बोटं रुंद पट्टी अंगठ्याच्या गादीखाली ठेवा आणि कमान धरलेली असताना ती ओढून पाहा. पट्टी निघून आली तर गादी उचलली गेली होती. फाटली किंवा अडकून राहिली तर बरोबर. पहिल्या आठवड्यात दर फेरीत एकदा ही परीक्षा घ्या. आरशात पाहण्यापेक्षा तिच्यातून जास्त कळतं.

तळव्यात पेटका येणं सुरुवातीला नेहमीचं आहे. बोटं हाताने वर ताणा, पेटका गेला की ३ सेकंदांच्या पकडीने पुन्हा सुरू करा. आठवड्याभरात तो कमी होतो. बसून २० वेळा स्वच्छ जमलं की दोन्ही पायांवर उभं राहून करा, तेही जमलं की एका पायावर.

जोडीला बोटांचा व्यायाम. फक्त अंगठा वर, बाकीची चार बोटं खाली दाबलेली. मग उलट: चार वर, अंगठा खाली. प्रत्येकी १० वेळा. पहिल्या दिवशी काहीच हलत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. हाताने अंगठा धरून चार बोटं उचला, असा आधार दिला की मेंदूला वाट सापडते. दोन्हींत ‘चार वर, अंगठा खाली’ हा प्रकार आपल्यासाठी जास्त मोलाचा, कारण त्यात अंगठा आणि त्याची गादी खाली दाबायची सवय लागते.

टॉवेल बोटांनी गोळा करण्याचा व्यायाम सगळीकडे सांगतात. तो निरुपयोगी नाही, पण त्यात बोटं वळवणारे लांब स्नायूच जास्त राबतात आणि बोटांनी जमीन पकडायची सवय लागते. वेळ थोडा असेल तर तो वगळा.

घोट्याची ताकद

पट्ट्याचा व्यायाम असा करा. पलंगावर पाय लांब करून बसा, टाच कडेच्या जरा बाहेर येऊ द्या म्हणजे पाऊल मोकळं वळेल. पट्ट्याचं वेटोळं दोन्ही पावलांना चवड्याशी अडकवा. चवडा थोडा पुढे झुकवा, कारण घोटा सैल असतो तो याच स्थितीत आणि ताकद हवी आहे ती इथेच. आता अंगठ्याची गादी पुढे ढकलत पाऊल बाहेर वळवा, तळवा बाहेरच्या बाजूला दिसू लागेल असा. एका सेकंदात बाहेर, तीन सेकंदांत परत. १२ ते १५ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस.

गुडघ्याची वाटी छताकडेच राहिली पाहिजे. ती बाहेर फिरत असेल तर पाय खुब्यातून वळतोय आणि पेरोनियस आराम करतोय. गुडघ्यांमध्ये गुंडाळलेला टॉवेल दाबून धरला की ही पळवाट बंद होते. परत येताना पट्ट्याने पाऊल झटक्यात ओढून नेलं तर अर्धा व्यायाम वाया गेला, तो हळू परतीचा भागच आपल्याला हवा आहे. १५ वेळा सहज झालं की पट्टा दुमडून आखूड करा किंवा जाड घ्या. तसाच पट्टा वापरून पाऊल आत वळवणं आणि वर ओढणं, प्रत्येकी दोन फेऱ्या. घोटा चारही बाजूंनी धरला गेला पाहिजे, फक्त बाहेरून नाही.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे टाच उचलणं. एकच व्यायाम निवडायचा झाला तर तो हाच. यात पोटरी, पेरोनियस, घोट्याच्या आतल्या हाडामागून जाणारी दोरी आणि तळव्याचे स्नायू एकाच वेळी, अंगाच्या वजनाखाली काम करतात.

पावलं एकमेकांपासून खुब्यांइतकी लांब ठेवा, बोटं सरळ पुढे, भिंतीला बोटांचा हलका आधार. तीन सेकंदांत वर, एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. वर जाताना भार अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधून गेला पाहिजे. सैल घोट्याचं पाऊल मात्र वर जाता जाता करंगळीकडे कलतं आणि टाच आत सरकते. हा दोष पाठमोऱ्या मोबाईल व्हिडिओत लगेच दिसतो, स्वतःला जाणवत नाही. उपाय साधा आहे: दोन्ही टाचांच्या मधे, घोट्याच्या हाडांच्या खाली टेनिसचा चेंडू धरा आणि वर-खाली होताना तो पडू देऊ नका. गादीवरचा भार आपोआप टिकतो. अंग पुढे झुकवून उंची गाठल्यासारखं करणं ही दुसरी चूक. डोकं सरळ वर गेलं पाहिजे, भिंतीकडे नाही.

दोन्ही पायांवर १५ च्या तीन फेऱ्या स्वच्छ झाल्या की वर दोन पायांनी जा आणि खाली एका पायाने या. मग पूर्ण एका पायावर, ८ ते १२ च्या तीन फेऱ्या, आणि हळूहळू २० पर्यंत. गुडघा किंचित वाकवून केलेली एखादी फेरीही घाला, म्हणजे पोटरीचा खोल स्नायूही तयार होतो. पायरीच्या कडेवर करायचं असेल तर सपाट जमिनीवर २० जमल्यानंतर.

मोजमापात घोटा आखडलेला आढळला असेल तर तीच गुडघा-भिंत हालचाल व्यायाम म्हणून करा: १५ वेळा, दोन फेऱ्या, रोज, गुडघा दुसऱ्या बोटावरून आत न पडू देता. ताण पोटरीत जाणवला तर छान. घोट्याच्या समोर चिमटल्यासारखं होत असेल तर जोर लावू नका, अशा वेळी फिजिओथेरपिस्टने हाताने सांधा मोकळा करून देण्याचा जास्त उपयोग होतो.

तोल

ताकद आली तरी ती वेळेवर वापरता आली पाहिजे. पाय मुरगळायला इतका थोडा वेळ लागतो की मुरगळू लागल्यावर स्नायू जागा होऊन सावरेल, या भरवशावर राहता येत नाही. स्नायू आधीच थोडा ताठ हवा, आणि पाऊल कुठे आहे हे मेंदूला सतत कळत राहायला हवं. तोलाच्या सरावातून ही सवय लागते.

खोलीच्या कोपऱ्यात उभे राहा, म्हणजे दोन्ही बाजूंना भिंत हाताशी असते. गुडघा किंचित सैल, तीन ठेपे जमिनीवर, बोटं लांब. ३० सेकंद, तीन वेळा. घोटा बारीक बारीक थरथरेल. थरथर हवीच, घोटा स्वतःला सावरत असल्याची ती खूण आहे. बोटांनी जमीन घट्ट पकडून थरथर थांबवली तर सराव वाया गेला.

तिन्ही वेळा ३० सेकंदांत एकापेक्षा जास्त वेळा आधार घ्यावा लागला नाही, की एक पायरी पुढे जा. आधी डोकं डावी-उजवीकडे वळवत उभं राहा. मग भिंतीवर चेंडू फेकून झेला. मग डोळे मिटून १० ते १५ सेकंद. शेवटी जाड उशी किंवा फोमचा तुकडा. बरेचजण थेट उशीवर उडी मारतात. कडक जमिनीवर डोळे मिटून उभं राहणं हे उशीवर डोळे उघडे ठेवून उभं राहण्यापेक्षा आमच्या मते आधी यावं, कारण मऊ उशीत अंगठ्याची गादी टेकली आहे की नाही हेच नीट कळत नाही. डगमगती फळी चांगली, पण तिची पाळीही त्यानंतरच.

उभं राहणं जमू लागलं की पोहोचण्याचा व्यायाम घ्या. जमिनीवर चिकटपट्टीने इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन रेषा काढा: एक पुढे, एक मागे आणि बाहेर, एक मागे आणि आत. मध्यावर दुखऱ्या पायावर उभं राहून दुसऱ्या पायाचा अंगठा प्रत्येक रेषेवर जमेल तितका लांब नेऊन हलकेच टेकवा आणि परत या. टेकवताना भार द्यायचा नाही. उभ्या पायाची टाच उठली किंवा गादी सुटली तर ती खेप धरू नका. प्रत्येक दिशेला ५ वेळा, दोन फेऱ्या. पुढच्या दिशेला दोन पायांत ४ सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर उड्यांना अजून वेळ आहे.

खुब्याचंही थोडं. खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असतील तर एका पायावर उभं राहताना कंबर कलते, भार पावलाच्या कडेला जातो आणि घोट्याला एकट्याने सावरावं लागतं. भिंतीला पाठ आणि टाच लावून कुशीवर झोपा, वरचा पाय टाच भिंतीवरून सरकवत उचला, बोटं किंचित खाली झुकलेली. १२ च्या तीन फेऱ्या पुरेत.

उड्या

हा टप्पा सर्वात जास्त जण सोडतात. खेळ खेळणाऱ्यांनी, डोंगर चढणाऱ्यांनी, ओबडधोबड रस्त्यावरून रोज चालणाऱ्यांनी तो सोडू नये. एका पायावर टाच उचलणं २० वेळा, एका पायावर ३० सेकंद, आणि भरभर चालताना अजिबात दुखत नाही, या तीनही गोष्टी जमल्याशिवाय सुरू मात्र करू नका.

जागच्या जागी दोन्ही पायांनी छोट्या उड्या, १० च्या तीन फेऱ्या. चवडा आधी टेकतो, टाच लगेच हळू येते, गुडघे वाकतात. आवाज ऐका: धप्प आवाज आला तर स्नायू उशिरा जागे झाले. हवेत असतानाच पाऊल सरळ धरा आणि अंगठ्याची गादी जमिनीकडे न्या. करंगळीची कड आधी टेकत असेल तर तिथेच थांबा आणि एक पायरी मागे या.

पुढे क्रम असा: दोन पायांनी उडी आणि एका पायावर उतरून ३ सेकंद स्थिर, मग एकाच पायाने पुढे-मागे, मग एका रेषेवरून आडव्या उड्या, आधी एक वीत, नंतर दोन, मग आठच्या आकड्यात. आडव्या उड्या घोट्याची खरी परीक्षा घेतात, त्या शेवटी ठेवल्या आहेत त्या म्हणूनच. एका दिवशी सगळ्या मिळून ४० ते ६० उड्या, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मधे किमान एक दिवस विश्रांती. थकलेल्या पायाने उड्या मारू नका, व्यायामाच्या सुरुवातीलाच घ्या.

आठवड्यांचा हिशेब

पहिले दोन आठवडे तळवा रोज, पट्टा आणि दोन पायांवर टाच उचलणं आठवड्यातून तीनदा, साधा तोल रोज. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात एका पायाची टाच, डोळे मिटून तोल, तीन रेषांचा व्यायाम. त्यानंतर उड्या. रोज १५ ते २० मिनिटं लागतात. सहा आठवड्यांच्या आत थांबलात तर तोल सुधारल्यासारखा वाटतो, पण ताकद अजून आलेली नसते. तिला दहा-बारा आठवडे द्या. ज्यांचा घोटा कित्येक वर्षांपासून सैल आहे त्यांना जास्तही लागतील.

दुखण्याचा नियम असा: दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं व्यायामात चालेल, जर ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळपदावर आलं तर. सकाळी घोटा सुजलेला किंवा ताठर वाटला तर आदल्या दिवशीच्या फेऱ्या एक तृतीयांशाने कमी करा. बाहेरच्या हाडामागे दुखू लागलं तर पट्ट्याचा व्यायाम काही दिवस थांबवून टाच उचलणं दोन पायांवर आणा, पेरोनियसच्या दोरीवर ताण जास्त झालाय.

मुळातच सगळे सांधे जास्त लवचीक असलेल्यांनी पोटरीचे जास्तीचे ताण आणि हालचालीच्या अगदी टोकाला जाऊन थांबणं टाळावं; त्यांना हालचालीच्या मधल्या भागातली हळू, नियंत्रित ताकद हवी. उंच कमानीच्या पावलात भार आधीच बाहेरच्या कडेवर असतो, म्हणून कागदाच्या पट्टीची परीक्षा त्यांनी शेवटपर्यंत चालू ठेवावी. सपाट पावलं असलेल्यांनी कमान किती उठली हे मोजत बसू नये, तीन ठेपे टिकले की झालं.

खेळताना घोट्याचा ब्रेस (बाहेरून बांधायचा आधार) किंवा टेप वापरल्याने पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो. ब्रेसमुळे पाय ‘आळशी’ होईल या भीतीने खेळ सुरू करताना तो टाळू नका. फक्त वरचे व्यायाम मात्र ब्रेस काढून करा. बुटांचं सांगायचं तर बाहेरच्या कडेने झिजलेला तळ आधी बदला. तो प्रत्येक पावलाला घोटा बाहेर कलवत असतो, आणि दिवसातून पंधरा मिनिटांचा सराव बाकीच्या सगळ्या पावलांशी लढू शकत नाही.

ठरलेला काळ संपल्यावर आठवड्यातून दोनदा एका पायावर टाच उचलण्याच्या दोन फेऱ्या, डोळे मिटून तोल आणि १० आडव्या उड्या, एवढं चालू ठेवा. मधेच कधी पुन्हा मुरगळला तर पहिले दोन-तीन दिवस पट्टी बांधून पाय उंच ठेवा, वर दिलेल्या हाडांवर दाबून पाहा, आणि चार पावलं नीट टाकता येत असतील तर बसून पाऊल आखूड करण्यापासून पुन्हा सुरुवात करा. तो व्यायाम घोटा न हलवता होतो, म्हणून सूज पूर्ण उतरायची वाट पाहावी लागत नाही.